पिस्तुलाच्या वापरलेल्या पुंगळ्या: पारखून ठेवाव्यात की मोजून बाद कराव्यात?

टेक्सासवासी (मूळ प्रश्न)

मी सहा वर्षांपासून स्वतःच्या सरावापुरती ९ मिलिमीटरची काडतुसे पुन्हा भरतो, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळीत, पुंगळीत, नवी दारू व गोळी बसवतो. अमेरिकेत स्वतःसाठी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात मात्र शस्त्र कायदा, १९५९ नुसार काडतुसे बनवायला परवाना लागतो, तेव्हा तिकडच्या वाचकांनी ही चर्चा निव्वळ वाचनापुरती घ्यावी.

वाद असा आहे. माझा नेमबाजीतला सोबती प्रत्येक पुंगळी पाच वेळा वापरून झाली की भंगारात टाकतो आणि त्यासाठी वही ठेवतो. माझ्या मते हा व्यर्थ खटाटोप आहे. रायफलची पुंगळी बार उडेल तशी दर वेळी लांबत जाते आणि बुडाच्या वर पातळ होते, म्हणून तिथे हिशेब ठेवणे समजू शकते. पिस्तुलाची पुंगळी बहुधा तोंडाशी चिरते, आणि तोंडाची चीर हाताला, डोळ्यांना व कानांना कळते. धुऊन वाळवलेल्या पुंगळ्यांची ओंजळ मी हलकेच खुळखुळवतो. चांगल्या पुंगळ्या किणकिणतात. एखादी चिरलेली असेल तर, बाजारात मडके घेताना टिचकी मारल्यावर जो बद्द आवाज ऐकून आपण ते परत ठेवतो, तसाच आवाज तिचा येतो. यापलीकडे वही कशाला हवी?

बूड-निरीक्षक

आपला कान तोंडाची चीर पकडेल, बुडाचा दोष पकडणार नाही. ९ मिलिमीटरच्या काडतुसाला दर चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत दाब मान्य आहे. तोंड चिरले तर फारसे बिघडत नाही, पण बुडाशी पितळ फाटले तर तापलेला वायू मॅगझिनच्या (मुठीतल्या काडतुसांच्या पेटीच्या) वाटेने खाली, म्हणजे धरणाऱ्याच्या हाताकडे येतो. प्रायमरचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या छोट्या टोपीचा, खळगा दर वेळी किंचित सैल होत जातो आणि ही झीज डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधायला मोजणीखेरीज आपल्यापाशी काय आहे?

शिवाय काही पुंगळ्यांच्या आत, बुडापासून थोडे वर, पायरीसारखा कंगोरा असतो. त्या कंगोऱ्यामुळे आतली जागा कमी होते, म्हणजे तेवढ्याच दारूने दाब अधिक चढतो, आणि त्याच रेषेवर पुंगळीचे दोन तुकडे झाल्याची उदाहरणे आहेत. अशी पुंगळी आपल्या ओंजळीत सुरेल किणकिणेल.

टेक्सासवासी

कंगोऱ्याचा मुद्दा मान्य आहे, परंतु तो माझ्याच बाजूने जातो. अशी पुंगळी पहिल्याच भरणीला टाकाऊ असते आणि ती सापडते विजेरी धरून आत डोकावल्यावर. वहीत तिच्यापुढे ‘एकदा वापरली’ एवढेच लिहिलेले असेल. खळग्याचे म्हणाल तर प्रेसचा (काडतुसे भरायच्या यंत्राचा) दांडा दाबताना तो हाताला कळतो. प्रायमर बसताना विरोध जाणवलाच नाही, तर ती पुंगळी मी तिथेच बाजूला काढतो. आणि मैदानावरून वेचलेल्या पुंगळ्यांचे पूर्वायुष्य कोणत्या वहीत पाहायचे?

जुनी भांडी

दोघेही साफसफाईबद्दल बोलत नाहीत. हे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि पुढे त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या आढळत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण यांचा तो एकत्रित परिणाम होता, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. तरीही लोक अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या घासतात. देवाची भांडी चिंचेने लख्ख करणाऱ्या घरांत वाढलेल्यांना दुसरा मोह असतो: लिंबाच्या सत्वात पुंगळ्या तासन्‌तास बुडवून ठेवायच्या. त्याने वरच्या थरातले जस्त निघून पितळ गुलाबी दिसू लागते. कळकट पण धड पुंगळी मी घेईन, चकचकीत गुलाबी घेणार नाही.

पंचेचाळीसवाला

मोजावे की मोजू नये याचे उत्तर काडतुसागणिक बदलते. .४५ एसीपी या जाड पिस्तुली काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला २१,००० पौंड आहे. त्या पुंगळ्या जीर्ण होण्याआधी गवतात हरवतात. .३५७ मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचे जोरदार काडतूस पूर्ण ताकदीने भरणाऱ्याने मात्र खुशाल वही ठेवावी. निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या दिसायला देखण्या, पण तोंडाशी साध्या पितळेपेक्षा लवकर चिरतात. .४५ मध्ये माझी खरी डोकेदुखी वेगळीच आहे: काहींना मोठा प्रायमर लागतो, काहींना छोटा, आणि सरमिसळ ढिगातली एक चुकीची आली की प्रेस अडकते.

बूड-निरीक्षक

एक साधा प्रश्न विचारतो. पितळ पुन्हा पुन्हा आकारात आणल्याने कडक होते आणि गोळीवरची पकड सैल होते. तोंडाला चीर नसेल, खळगाही घट्ट असेल, पण पिस्तुलात चढताना गोळी आत सरकली तर दाब धोकादायक रीतीने वाढतो. हे आपण कशाने ओळखता?

टेक्सासवासी

भरलेल्या काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजावी, गोळीचे टोक ओट्याच्या कडेला अंगठ्याने जोराने दाबावे आणि पुन्हा मोजावे. प्रामाणिकपणे सांगायचे तर आजवर हे मी दहातल्या एखाद्याच काडतुसावर करत असे. आपला प्रश्न वाचून काल रात्री सरमिसळ ढिगातून भरलेली पन्नासही काडतुसे दाबून पाहिली. चार सरकली, आणि चारही पुंगळ्यांच्या बुडावर एकाच कारखान्याचा शिक्का निघाला. त्यांच्या भिंती इतरांपेक्षा पातळ आहेत. त्यांतल्या दोन माझ्याकडे नव्या काडतुसांच्या खोक्यातून आल्या होत्या आणि एकदाच वापरल्या होत्या, म्हणजे पाचाच्या नियमाने त्या अजून चार वेळा भरल्या असत्या.

तेव्हा शिक्क्यांनुसार वर्गवारी आजपासून सुरू केली आहे. आपल्या सांगण्यातले तेवढे मी घेतले. कॉफीचे सात रिकामे डबे ओट्याखाली मांडले आहेत आणि त्यावरून घरात दुसरा वाद सुरू झाला आहे. वही अजून घेतलेली नाही.