नवा लॅपटॉप जाहीर झालाय, भरवशाचे रिव्ह्यू येईपर्यंत थांबू का? (सोलापूर, टॉवेल-चादर डिझाइनचं काम)

ताणाबाणा

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात टॉवेल आणि चादरींची डिझाइन करते. अशोक चौकाजवळ घर, वरच्या मजल्यावर पत्र्याखालची खोली, तिथंच काम. लॅपटॉप सात वर्षांचा. बिजागरी तुटलीय, झाकण सुताच्या खोक्याला टेकवून ठेवते. विंडोज १० आहे, ११ त्यात बसत नाही.

बिजागरीचं चालवून घेतलं असतं. मोठा घोळ रंगाचा झाला. दिवाळीआधी एका पार्टीची चादर होती, मरून काठ आणि आत वांगी रंगाची बारीक वेल. माझ्या स्क्रीनवर दोन्ही रंग जवळपास एकच दिसायचे. वेल उठावी म्हणून मी वांगी उजळत गेले. फाइलची प्रिंट डाईंगला गेली आणि साठ किलो सूत रंगून आलं. लडी हातात घेतली तर तो चक्क राणी गुलाबी. स्क्रीनशेजारी धरली, स्क्रीनवर अजूनही वांगीच. ते सूत आजही कारखान्यात पोत्यात पडून आहे.

आता मुद्दा. जानेवारी २०२६ मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात एक १४ इंची लॅपटॉप जाहीर झाला. इंटेलची नवी पँथर लेक चिप, ओलेड स्क्रीन (तिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो), ३२ जीबी रॅम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल. माझं बजेट ९० हजार, ताणून लाखापर्यंत. नवी पेठेतल्या दुकानदाराचा दर दोन दिवसांनी फोन येतो, "मॅडम, बुकिंग करून टाका, लाँच ऑफर आहे, नंतर मिळणार नाही." यूट्यूबवर एकाच दिवशी दहा-बारा व्हिडिओ आले, सगळ्यांनी डोक्यावर घेतलाय. रंग खरे आहेत का, हे मात्र एकानेही मोजून दाखवलं नाही.

थांबावं का? थांबले तर कुणाच्या रिव्ह्यूवर विश्वास ठेवायचा?

होटगीरोड

ताई, थांबा.

ते व्हिडिओ एकाच दिवशी का आले ते आधी समजून घ्या. कंपनी आधी माहिती किंवा मशीन देते आणि अमुक वेळेपर्यंत काही छापायचं नाही अशी अट घालते. अट सुटली की सगळे एकदम येतात. त्यातले बरेच जण प्रदर्शनाच्या टेबलावर दहा-पंधरा मिनिटं मशीन हाताळून बोलतायत. बांधणी कशी, वजन किती, कीबोर्ड कसा, एवढं त्यावरून कळतं. बॅटरी, तापणं, रंग यातलं काही कळत नाही. त्याला रिव्ह्यू म्हणूच नका, ओळख म्हणा.

दुसरं, पैशाचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्यात. पैसे, फुकट वस्तू, सहल, काहीही मिळालं असेल तर बघणाऱ्याला स्पष्ट सांगायचं, आणि व्हिडिओ असेल तर खालच्या वर्णनात लिहून भागत नाही, व्हिडिओतच सांगावं लागतं. त्यामुळं पहिली दोन मिनिटं कान देऊन ऐका. मशीन कुठून आलं हे जो सांगतो त्याचं पुढचं ऐका. कंपनीकडून उसनं घेऊन तपासलेलं मशीनही चालतं, पण ते उसनं आहे हे सांगितलेलं असावं. आर्टिंग्स ही साइट मशीन स्वतः विकत घेऊन तपासते. नोटबुकचेक बहुतेक वेळा उसनं घेते, पण मोजमाप इतकं बारीक असतं की आकडे स्वतः ताडून बघता येतात.

खरेदीच्या साइटवरच्या पंचतारांकित दोन ओळींवर जाऊ नका. "डिलिव्हरी फास्ट, पॅकिंग छान" हा कुरिअरचा रिव्ह्यू झाला. तीन तारेवाले वाचा, त्यात कामाचं सापडतं.

पार्कचौक

माझा फोटो स्टुडिओ आहे, बावीस वर्षं झाली. रंगाचं मी सांगतो.

ताई, तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात स्क्रीनपुढं "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असणार. स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास हाच पडदा असतो. एनटीएससी हे रंगांचं जुनं माप, आणि एसआरजीबी म्हणजे पडद्यांसाठी ठरलेला रंगांचा नेहमीचा संच. त्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण साठ-पासष्ट टक्केच तो दाखवू शकतो. मरून, वांगी, गडद किरमिजी ही मंडळी नेमकी उरलेल्या भागात बसतात. पडदा तो रंग दाखवूच शकत नाही, म्हणून जवळचा दुसरा दाखवतो. तुमची चूक नव्हती.

पण ओलेड घेतला की प्रश्न मिटला असं समजू नका. तिथं उलटं होतं. ओलेड एसआरजीबीपेक्षा खूप जास्त रंग दाखवतो, आणि आवरलं नाही तर साधा लालही भडक दिसतो. मग तुम्ही तो मंद करत जाणार, आणि सूत येईल फिकट. पोत्यात पुन्हा साठ किलो.

म्हणून रिव्ह्यूत मी तीन गोष्टी बघतो. एसआरजीबी किती टक्के भरतं. कारखान्यातून आलेल्या अवस्थेत रंग किती चुकतो, त्याला डेल्टा ई म्हणतात, सरासरी २ च्या आत असला तर डोळ्याला फरक कळणं अवघड. आणि एसआरजीबीला बांधून ठेवणारा मोड दिलाय का. हे आकडे ज्या रिव्ह्यूत नाहीत तो तुमच्या कामाचा नाही, सांगणारा माणूस कितीही सज्जन असो.

अजून एक. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांची पट्टी दिवसभर एकाच जागी असेल. ओलेडवर एकच चित्र तासन्तास राहिलं की वर्षा-दोन वर्षांत त्याचा डाग उमटू शकतो. आणि काही ओलेड पडदे उजेड कमी केला की सेकंदाला २४० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, पण काही जणांचं डोकं धरतं. चार-पाच महिने वापरलेल्या माणसाचं म्हणणं इथं फार मोलाचं.

मागवाला

ताई तुमचं जकार्डचं, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचं, सॉफ्टवेअर डाँगलवर चालतं का? आमच्या कारखान्यात चालतं. यूएसबीत ती किल्लीसारखी कांडी लावली नाही तर फाइलच उघडत नाही.

विचारायचं कारण, मागच्या वर्षी आमच्या मेहुण्यानं स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉप घेतला, त्यातली चिप इंटेलपेक्षा वेगळ्या जातीची असते. बॅटरी झकास, तापत नाही, रिव्ह्यू एकदम भारी. घरी आणून डाँगल लावली, ओळखायलाच तयार नाही. सॉफ्टवेअर इंटेल जातीच्या चिपसाठी लिहिलेलं असलं तरी विंडोज ते दुभाष्यासारखं चालवून घेतं, पण डाँगलचा ड्रायव्हर खोल आत बसतो, तो त्या चिपसाठीच लिहिलेला लागतो. तो नव्हता. शेवटी त्यानं तो लॅपटॉप लेकीला कॉलेजला देऊन टाकला.

तुम्ही बघायलाय तो इंटेलचा आहे, म्हणून ही भानगड बहुतेक येणार नाही. पण विंडोज ११ वर तुमची डाँगल चालते का ते सॉफ्टवेअरवाल्याला आधीच विचारून घ्या. हे कुठल्याच रिव्ह्यूत येणार नाही. जगात जकार्डवाले किती आणि रिव्ह्यूवाले किती.

ताणाबाणा

हो, डाँगल आहे! हिरवी, दोरा बांधून गळ्यात अडकवते इतकी जपते. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उद्याच फोन करते.

पार्कचौक दादा, माहितीपत्रक शोधलं. ४५ टक्के एनटीएससीच लिहिलंय. सात वर्षं ते कागदावर होतं आणि मी कधी वाचलं नाही.

उन्हाळ्याचं कुणी सांगेल का? मे महिन्यात माझ्या खोलीत दुपारी चार वाजता ३९ असतं, कूलर लावून.

होटगीरोड

उन्हाळ्याचा प्रश्न सोलापूरकराने पहिल्यांदा विचारायला हवा, आणि तोच कुणी विचारत नाही. बाहेर ४२-४३ अंश आणि वर पत्रा. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापराची मर्यादा १० ते ३५ अंश अशी छापतं. बाकीच्यांचीही बहुतेक तिथंच ३५ वर संपते. म्हणजे तुमची खोली दुपारी त्या हद्दीच्या बाहेर असते.

तपासणी होते ती विशी-पंचविशीतल्या गार खोलीत. नोटबुकचेकवर तापमानाच्या तक्त्याखाली खोलीचं तापमान लिहिलेलं असतं, ते आधी बघायचं. समजा खोली २२ ची आणि जोर लावल्यावर कीबोर्ड ४० वर गेला. मग तुमच्या ३९ च्या खोलीत ढोबळमानाने १६-१७ त्यात मिळवा. तितकं होऊ नये म्हणून मशीन स्वतःच वेग कमी करेल आणि पंखा ओरडेल. त्यामुळं "पंख्याचा आवाज येतच नाही" या कौतुकावर फार विसंबू नका.

याच कारणाने अगदी पातळ मशीनच्या मागं लागू नका. दोनशे ग्रॅम जास्त चालतील, हवा जायला जागा हवी.

हुतात्माचा प्रवासी

थांबा-थांबा सगळे म्हणतायत, दुसरी बाजू मी मांडतो. मी पुण्यात आयटी खरेदी बघतो, शनिवार-रविवार सोलापुरात.

या वर्षी थांबण्याची किंमत आहे. गेल्या वर्षाच्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडं वळवतायत. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. दरवेळी "सहा महिने थांब, स्वस्त होईल" म्हणतो तसं यावेळी म्हणवत नाही. ३२ जीबीचं मशीन आज ज्या भावात आहे त्या भावात पावसाळ्यात मिळेल याची मला खात्री वाटत नाही.

त्यामुळं माझं मत, मुदत ठरवून थांबा. मशीन विक्रीला आल्यावर सविस्तर रिव्ह्यू यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढे थांबा. वर्षभर वाट बघू नका. पातळ मशीनमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच जडवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून पहिल्यांदाच ३२ घ्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी नोंदणी केली की सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ती नोंदणी आजच करून टाका, मग घाईचं एक कारण कमी होईल.

जीएसटी नंबर असेल तर बिल त्यावरच घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे, त्याचं क्रेडिट मिळेल. लाँच ऑफरच्या बॅगेपेक्षा ते कितीतरी मोठं.

सातरस्ता

माझा अनुभव सांगते, कारण मी रिव्ह्यू वाचूनही फसले.

दोन वर्षांपूर्वी मुलासाठी लॅपटॉप घेतला. चार रिव्ह्यू वाचले, चारही चांगले, स्क्रीनचं तर फारच कौतुक. घरी आला तो फिका, बाजूने बघितलं की काळवंडायचा. दुकानदाराकडं गेले, तो म्हणाला, "मॅडम, हाच मॉडेल आहे." नाव खरंच तेच होतं. घरी येऊन मशीन उलटं केलं, खालच्या स्टिकरवरचा बारीक अक्षरातला लांबलचक नंबर भिंगातून वाचला आणि रिव्ह्यूमधल्या नंबराशी अक्षर-अक्षर लावून बघितला. शेवटची चार अक्षरं वेगळी. परदेशात तपासलेल्या मशीनमध्ये वेगळा पडदा होता, इथं विकलेल्यात तो ४५ टक्केवाला. कंपनीने ते खोटं सांगितलं होतं असंही नाही, माहितीपत्रकात होतं. मी नाव बघितलं, नंबर बघितला नाही.

तेव्हापासून मी दुकानात आधी पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून मागते. तो देत नाही त्याच्याकडून घेत नाही. नोटबुकचेकवर तर पडद्याच्या पॅनेलचाही नंबर देतात. आणि ताई, सर्व्हिसचं विचारा. दुरुस्ती सोलापुरात होते की मशीन पुण्याला जातं, हे वॉरंटीच्या कागदावर बघा. घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी थोडे पैसे जास्त देऊन मिळते. रोजचं पोट ज्यावर आहे त्याच्यासाठी ती घ्या.

पार्कचौक

सातरस्ता ताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं.

मला एक सुचतंय. ताई, रंगाची अडचण आजची आहे, आणि रिव्ह्यूसाठी थांबलात तर लॅपटॉप मार्चपर्यंत जाणार. मधल्या काळात १०० टक्के एसआरजीबीवाला साधा आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा) मॉनिटर जुन्या लॅपटॉपला जोडला तर? तुमच्या बजेटच्या पाव भागात बसेल. तुटलेल्या झाकणाकडं बघायलाही नको. पुढं नवा लॅपटॉप आला तरी रंग ठरवायला तोच मॉनिटर वापरायचा, मग ओलेडच हवा हा हट्टही सुटेल आणि साध्या चांगल्या पडद्याचे लॅपटॉपही यादीत येतील. वीज गेली की मॉनिटर बंद पडणार, तेवढा इन्व्हर्टरचा विचार करा.

माझ्याकडं स्क्रीनचे रंग मोजायचा कलरिमीटर आहे. मॉनिटर आणा नाहीतर लॅपटॉप, मोजून देतो. पैसे नकोत. एवढं लक्षात ठेवा, हे यंत्र रंगांचा तोल बसवतं, पडद्यात नसलेला रंग त्यात आणू शकत नाही.

ताणाबाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळीच दुकानदाराला सांगितलं की बुकिंग करत नाही, आधी पूर्ण मॉडेल नंबर पाठवा. दुपारपर्यंत आला नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलले. विंडोज ११ ला डाँगलचा नवा ड्रायव्हर लागेल, ते पाठवणार आहेत. विंडोज १० ची नोंदणी केली. मॉनिटर या आठवड्यात बघते, लॅपटॉपसाठी मार्चअखेरपर्यंत थांबते. तोपर्यंत त्या नंबराचा, रंग आणि तापमान मोजलेला रिव्ह्यू आला नाही तर दुसरं मशीन.

मागवाला दादा, तुमच्या कारखान्यात विंडोज ११ वर इंटेलचं मशीन असेल तर माझी डाँगल एकदा लावून बघता येईल का?

मागवाला

या की. ऑफिसात आहे एक. रविवारी अकराला या, माग बंद असतात, निवांत बघू. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन या, आमच्याकडं नेट कधी असतं कधी नसतं. आणि त्या गुलाबी सुताची एक लडी पण आणा. आमच्याकडं एका पार्टीला लहान मुलांचे टॉवेल करायचेत, शेड जुळली तर साठच्या साठ किलो बघतो.