बायबलही फोनमध्येच आहे, मग फोन सोडायचा कसा?

पिंपरीचा_टेनर

सगळ्यांना सलाम.

मी मूळचा नगरकडचा, आता पिंपरीत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, पाळ्या फिरत्या. रविवारी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कॉयरमध्ये टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) गातो. हे सांगायचं कारण, माझा प्रश्न 'चर्चला येत नाही, देवाला विसरला' या जातीचा नाही. उलट माझा फोन ख्रिस्ती गोष्टींनीच भरलाय. बायबलचं ॲप, मंडळीचा ग्रुप, तरुण संघाचा ग्रुप, साखळी प्रार्थनेचा ग्रुप, गाण्यांच्या चाली, दोन-तीन उपदेशकांचे चॅनल.

होतं असं. पहिली पाळी असली की साडेचारला उठतो. गजर फोनचाच. तो बंद करतानाच वर चार सूचना दिसतात. वचन वाचायला ॲप उघडतो, पण अध्याय संपायच्या आत बोट वर जाऊन कुणाचं काय आलंय ते बघतं. मग रील. सुरुवात साक्षीच्या रीलने होते, अमका दारूतून कसा सुटला वगैरे. थोड्या वेळाने बघतो तर मी कुठल्याशा हॉटेलात डोसा किती लांब घालतात ते बघत बसलेला असतो. कंपनीची बस गाठायला पळायचं, प्रार्थना राहते ती राहतेच. रात्री परत तेच, फक्त जास्त वेळ. रविवारी उपदेशात पाळकसाहेब वचन काढायला सांगतात आणि माझ्या हाताखाली आधी स्कोअर उघडतो.

परवा मुलगी शेजारच्या पोरीबरोबर घर-घर खेळत होती. पहिलीत आहे ती. त्यांच्यातली जी 'पप्पा' झाली होती ती भिंतीला टेकून बसलेली, हातात डब्याचं झाकण, आणि अंगठा त्यावर खालून वर, खालून वर. बायको माझ्याकडे बघून हसली.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात, इन्स्टा काढून टाकलं होतं. ईस्टरच्या दुपारी परत टाकलं, आणि आधीपेक्षा जास्त बघायला लागलो. देवाला शब्द द्यायचा, मोडायचा, रडायचं, परत शब्द द्यायचा, याचा आता वीट आलाय. 'प्रार्थना करा' एवढंच सांगू नका प्लीज, प्रार्थनेलाच तर बसता येत नाही. ज्यांना विश्वासातून खरंच फरक पडला त्यांनी रोजच्या दिवसात काय बदललं ते सांगा.

जागृत_पहारेकरी

बंधू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सैतानाचं शस्त्र आहे. उजवा डोळा पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक, असं प्रभूनेच सांगितलंय. मत्तय ५:२९. स्मार्टफोन विका, बटणाचा घ्या, तीन दिवस उपास धरा. बंधन तुटेल. प्रभू भलं करो.

पिंपरीचा_टेनर

दादा, कंपनीची हजेरी आणि पाळीतला बदल ॲपवरच येतो. बटणाच्या फोनवर माझी नोकरी चालणार नाही.

वसईची_टीचर

पिंपरीच्या बाळा, माझा मोठा मुलगा तुझ्याच वयाचा असेल म्हणून अरे-तुरे करते. मी वसईची, कॅथलिक, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. तुझ्या-माझ्या चर्चच्या रीती वेगळ्या, पण रील एकच.

आमचे हे गेल्यावर माझी रात्रीची झोप उडाली. मुलं परदेशी. थोरल्याने मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला, म्हणाला, आई करमेल तुला. करमलं की! पाककृती, मालिकांचे तुकडे, फादरांची प्रवचनं, कोणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ, सगळं बघायचे. दोन-अडीच वाजायचे. सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सुवार्ता वाचन चालू असताना डोळे मिटायचे, आणि आमच्या देवळात मी पुढच्या बाकावर बसते, म्हणजे सगळ्या गावाला दिसायचं.

प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे पापं कबूल करायला, गेले तेव्हा फादरांना सांगितलं. वाटलं होतं, दहा वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणायला सांगतील आणि सोडतील. त्यांनी विचारलं, "फोन हातात नसतो तेव्हा घरात काय असतं?" मी म्हटलं, काहीच नसतं. म्हणाले, घरी जाऊन मत्तयाचा बारावा अध्याय वाचा, ४३ ते ४५.

तूही वाच. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, रानोमाळ फिरतो, कुठेच विसावा मिळत नाही म्हणून परत येतो. बघतो तर घर रिकामं, झाडलेलं, नीट लावलेलं. मग आपल्याहून वाईट असे सात जण घेऊन येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. इतकी वर्षं हे वाचन ऐकलं होतं, पण 'रिकामं' या शब्दावर माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. ईस्टरच्या दुपारी तुझं तेच झालं. चाळीस दिवस घर झाडलंस, पण आत बसवलंस कोणाला?

मी काय केलं ते सांगते. रात्री जेवणं झाली की फोन हॉलमध्ये आल्तारापाशी, म्हणजे देवाच्या कोपऱ्यापाशी, चार्जरसकट. झोपायच्या खोलीत चार्जरच ठेवला नाही. मुलांचा फोन आला तर रिंग ऐकू येते, बाकी कोणाला माझी रात्री गरज नसते. उशीजवळ जिथे फोन असायचा तिथे रोझरी, आमची जपमाळ, ठेवली. हात सवयीने तिथेच जातो, त्याला काहीतरी लागतंच. पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, पन्नास नमो मरिया, आणि संपलं. संपतं, हे फार मोठं सुख आहे रे. रीलला शेवट नाही, म्हणून आपल्याला उठायची जागाच सापडत नाही. तुम्ही लोक रोझरी म्हणत नाही, माहीत आहे. मग छापील बायबलातलं एक स्तोत्र घे. १३१ वं घे, तीनच वचनांचं आहे, दूध तुटलेल्या बाळासारखा जीव आईपाशी शांत बसलाय, असं. झोपेतही पाठ होईल.

पण खरा फरक तिथेही पडला नाही. फरक पडला तो सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या गटात नाव घातल्यावर. आम्ही आजारी, एकट्या माणसांच्या घरी जातो. एका घरी म्हातारी आहे, तिला दिसत नाही, तिला मी वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिचा हट्ट असतो की निधनवार्ता आधी वाचायच्या. तिथून घरी आले की पाय दुखतात आणि झोप लागते. नवऱ्यामागे रात्री एवढ्या लांब का होत्या ते मला तिच्या खाटेशी बसून कळलं, फोनशी भांडून नाही.

आणि पहारेकरी भाऊ, फोनला सरसकट सैतानाचा करू नका. कार्लो अक्युटिस हा इटलीतला मुलगा कॉम्प्युटरवेडा होता, पवित्र मिस्साबलीच्या चमत्कारांची वेबसाइट त्याने स्वतः बनवली. व्हिडिओ गेमसाठी मात्र त्याने आठवड्याला एकच तास ठरवून घेतला होता. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. दुसरीकडे पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या नोव्हेंबरात सेंट पीटर चौकात चांगलं सुनावलं होतं. मिस्सात पुरोहित अंतःकरणं उंच करायला सांगतो, फोन उंच करायला नाही. फोन वर करणाऱ्यांत फादर आणि बिशपही असतात, हेही बोलले. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

जागृत_पहारेकरी

टीचर, बाकी ठीक आहे, पण रोझरी वचनात कुठे आहे ते दाखवा.

ग्रंथालयातला

दादा, तो वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या, इथे टेनरभाऊंना झोपू द्या.

मी पुण्यात ईश्वरविज्ञान शिकतोय. टीचरना पूर्ण अनुमोदन, त्यात थोडी भर. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा संन्यासी होऊन गेला, इ. स. ३९९ मध्ये वारला. माणसाला छळणाऱ्या आठ कुविचारांची यादी त्याने केली. त्यातला एक 'अकेदिया', म्हणजे एक प्रकारची वैतागलेली सुस्ती. त्याला तो स्तोत्र ९१ मधल्या शब्दांवरून दुपारचं भूत म्हणतो. लक्षणं ऐका: सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो. बाहेर येऊन जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते सूर्यावरून मोजतो. कोणी भाऊ भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे बघतो. मग वाटतं, ही जागाच वाईट, दुसरीकडे गेलं पाहिजे. वाळवंटात, एका खोपटात, सोळाशे वर्षांपूर्वी! त्याच्या हातात फोन असता तर काय झालं असतं कोण जाणे. म्हणजे खाज आपली जुनीच आहे. कंपन्यांनी तिला नखं पुरवली. खाली न संपणारं पान, ज्याला इन्फिनिट स्क्रोल म्हणतात, ते २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने काढलं, आणि पुढे त्याने त्याबद्दल जाहीर पश्चात्तापही केला.

एव्हाग्रियसचा उपाय दोन पदरी. एक, खोपटं सोडू नकोस. दोन, विचार आला की त्याला बायबलमधल्या एका वचनाने तोंडावर उत्तर दे. लांब प्रार्थना नाही, एक वचन. पहाटे साडेचारला तुम्हाला एवढंच झेपेल, आणि ते पुरे आहे.

आणखी एक. देवाला शब्द देणं कृपा करून थांबवा. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, हे बायबलच्या 'उपदेशक' या पुस्तकात ५:५ मध्येच आहे. शब्द देवाला देण्याऐवजी चार्जर बायकोकडे द्या.

वॉर्डातली_ताई

मी नर्स आहे, मंडळीतही जाते, म्हणून दोन ओळी. प्रयत्न करूनही झोप, नोकरी, घर सगळंच बिघडत चाललं असेल किंवा मन सतत उदास असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा. यात अविश्वास नाही. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं क्लिनिक २०१४ पासून चालतं. बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. दारू सोडवायला माणसाला पाठवता, तेव्हा कोणी त्याचा विश्वास मोजत नाही ना?

पिंपरीचा_टेनर

सगळ्यांचे आभार. टीचर, तुमचं ते 'आत बसवलंस कोणाला' बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी केव्हापासून सांगतेय, फक्त बायबलचं वचन जोडलं नव्हतं.

कॅम्पातून सेलवर चालणारं गजराचं घड्याळ आणलं. चार्जर स्वयंपाकघरात गेला. गावाहून आईचं मोठ्या अक्षरांचं बायबल मागवलंय. तिने आधी विचारलं, तुझं हरवलं का? उपदेशाच्या वेळी तेच उघडीन. दुसऱ्या पाळीला असलो की सकाळी आमच्या पाळकसाहेबांबरोबर घरभेटींना जायचं ठरवलंय, ते खूश झाले, त्यांना गाडी चालवणारा हवाच होता.

एक अडचण उरते. कॉयरचं सगळं ग्रुपवर येतं. टेनरची वेगळी चाल मास्तर रात्री दहाला रेकॉर्ड करून टाकतात. ती ऐकायला फोन उघडला की गेलो.

वसईची_टीचर

मास्तरांना सांग, बाळा, शनिवारी सरावाच्या आधी पंधरा मिनिटं पेटीवर वाजवून दाखवा म्हणून. टेनर काही तू एकटा नसशील, बाकीच्यांनाही हवंच असेल. 'उपासना संगीत' हे तुमचं गीतांचं पुस्तक घरात असेलच, शब्द त्यातून घे. आणि मास्तर नाहीच म्हणाले तर चाल बायकोच्या फोनवर मागव, तिच्यासमोर बसून ऐक. तिच्यासमोर डोसा बघायची हिंमत होणार नाही.

जागृत_पहारेकरी

टीचर, एक विचारतो, टोमणा नाही. मी रोज पहाटे दीडशे-दोनशे जणांना वचनाचं चित्र पाठवतो, फुलांचं. सगळ्यांचं सुप्रभात परत येतं, मग त्यांना उत्तर देण्यात तास जातो. हेही बंद करायचं म्हणता का? ही तर सेवा आहे.

वसईची_टीचर

भाऊ, एक आठवडा चित्राच्या जागी नुसतं लिहून पाठवा: "आज तुमच्यासाठी काय प्रार्थना करू?" जे उत्तर देतील त्यांना फोन करा. ते किती निघतात ते इथे येऊन सांगा, मग बोलू.