तरुण रुग्णात आधी क्रीमचं विचारा

मेम्ब्रेनस नेफ्रोपथीत (मूत्रपिंडाच्या गाळणीचा पडदा बिघडून लघवीतून प्रोटीन जाण्याचा आजार) नेहमीची पीएलए२आर अँटीबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली की कॅन्सर शोधावा, असं सांगितलं जातं. उतारवयात ते बरोबरच. पण रुग्ण तरुण असेल तर आधी विचारा, चेहऱ्याला काय लावता? केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात पाहिलेल्या २२ मेम्ब्रेनस रुग्णांपैकी १५ जण नेल-१ (पीएलए२आरऐवजी बायोप्सीत सापडणारं दुसरं प्रोटीन) पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यातले १३ गोरेपणाची क्रीम वापरत होते.

अशा क्रीममधला पारा मेलॅनिन (कातडीचा रंग) बनवणारं टायरोसिनेज हे एन्झाइम अडवतो, म्हणून रंग उजळतो. तोच कातडीतून रक्तात जाऊन मूत्रपिंडात साठतो. गाळणीच्या पडद्यावर बाहेरच्या बाजूने इम्यून कॉम्प्लेक्स (अँटीबॉडींचे गठ्ठे) बसतात, पोडोसाइटचे (पडद्याला लपेटलेल्या पेशींचे) पाय सपाट होतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन गळतं आणि लघवीला न मोडणारा फेस येतो. डबी फेकू नका, डॉक्टरांकडे न्या. लेबलवर पारा बहुधा लिहिलेला नसतो, त्यामुळे क्रीम, रक्त आणि लघवी तिन्ही तपासावं लागतं. क्रीम बंद करून एसीई इनहिबिटर किंवा एआरबी (लघवीतलं प्रोटीन कमी करणारी रक्तदाबाची औषधं) दिल्यावर बहुतेकांचं लघवीतलं प्रोटीन काही महिन्यांत उतरतं, स्टेरॉइडची वेळ सहसा येत नाही. मात्र रक्तातलं अल्ब्युमिन २.५ ग्रॅम/डेसिलिटरच्या खाली असताना एकच पाय सुजला किंवा कुशीत अचानक कळ आली, तर रक्ताच्या गुठळीची शंका धरून त्याच दिवशी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा.