तांदळाच्या अहवालात आर्सेनिक ०.२४ आलंय, आठ महिन्यांच्या मुलीला देऊ की नको?

मुक्ता_क

नमस्कार. मुलगी आठ महिन्यांची आहे, वजन आठ किलो. वरचं अन्न सुरू केलं तेव्हा जो तो म्हणाला, बिनपॉलिशचा तांदूळच दे, लोह आणि जस्त त्यातच असतं. मग वाचनात आलं की आर्सेनिकही त्यातच जास्त असतं. काही सुचेना, म्हणून घरातल्या बिनपॉलिशच्या तांदळाचा नमुना एका प्रयोगशाळेत दिला. काल अहवाल आला: आर्सेनिक ०.२४, कॅडमियम ०.०४, जस्त २१, लोह ११, सेलेनियम ०.०९. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति किलो. शिसं सापडलं नाही.

मर्यादा ०.२ आहे असं सगळीकडे लिहिलंय. म्हणजे आमचा तांदूळ मर्यादेबाहेर. गेले दोन महिने हाच तिच्या पोटात जातोय. फोनवर विचारलं तर ‘आम्ही फक्त आकडे देतो’ एवढंच उत्तर मिळालं. यातलं कळणारं कुणी असेल तर कृपया सांगा.

दाणापारखी

मुक्ताताई, तुम्ही ज्या दोन आकड्यांची तुलना केलीत ते एका जातीचे नाहीत. अहवालातला ०.२४ हा बहुधा एकूण आर्सेनिकचा आकडा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची ०.२ ही मर्यादा असेंद्रिय आर्सेनिकची आहे, आणि तीही पॉलिश केलेल्या तांदळासाठी. २०१४ मध्ये ठरलेली. फक्त तूस काढलेल्या, कोंडा शाबूत असलेल्या तांदळासाठी २०१६ मध्ये ०.३५ ठरली. तेव्हा हा तांदूळ मर्यादेबाहेर आहे असं या अहवालावरून म्हणता येत नाही. आत आहे हे मात्र म्हणता येतं, कारण एकूणच ०.२४ असेल तर त्यातलं असेंद्रिय ०.३५ च्या वर जाणार नाही. पण ती मर्यादा मोठ्यांच्या तांदळाची. बाळाचं वेगळं आहे, त्याकडे येते.

धान्य तपासण्यात माझी अठरा वर्षं गेली. दाण्यात आर्सेनिक मुख्यतः दोन रूपांत सापडतं. एक असेंद्रिय, जे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. दुसरं डीएमए, म्हणजे ज्याला दोन मिथिल गट चिकटले आहेत ते. हे मिथिल जोडण्याचं काम रोप करत नाही, खाचरातल्या चिखलातले सूक्ष्मजीव करतात. डीएमए निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही, पण असेंद्रियाच्या मानाने ते बरंच सौम्य. दोघांचं प्रमाण जमिनीगणिक बदलतं. यंत्र बरोबर चाललंय ना हे पाहायला आम्ही अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेचं तांदळाचं पीठ वापरायचो, क्रमांक १५६८बी. त्यात एकूण आर्सेनिक ०.२८५ आणि असेंद्रिय फक्त ०.०९२. एकूण आकडा तुमच्यापेक्षा मोठा, तरी असेंद्रिय ०.१ च्याही खाली.

एकूण आकडा काढताना पीठ तीव्र नायट्रिक आम्लात, मायक्रोवेव्हच्या उष्णतेने पूर्ण विरघळवतात. त्यात सगळी रूपं मोडून एक होतात, मग कोण कुठलं हे सांगता येत नाही. रूपं वेगळी मोजायची तर आम्ल अगदी सौम्य घ्यावं लागतं, ९५ अंशांना दीड तास ठेवावं लागतं आणि द्रावण आधी रूपं सुटी करणाऱ्या स्तंभातून सोडून मग मोजावं लागतं. वेळ आणि पैसा दोन्ही जास्त, म्हणून कुणी आपणहून करून देत नाही. प्रयोगशाळेला नेमकं असं लिहून द्या: ‘असेंद्रिय आर्सेनिक, एचपीएलसी-आयसीपी-एमएस पद्धतीने, डीएमएसह’. उरलेलं पीठ त्यांच्याकडे असेल.

सुरुवातीच्या वर्षांत मीही नुसता एकूण आकडा लिहून अहवाल पाठवत असे. एकदा एका बाळाच्या वडिलांचा फोन आला. घरातलं सगळं धान्य त्यांनी फेकून दिलं होतं. त्या दिवसापासून ‘एकूण’ हा शब्द मी अहवालात अधोरेखित करायला लागले. तुमच्या अहवालात तो नाही, याचा मला खरंच राग आला.

आता कोंड्याचं. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध संस्थेने बाजारातले नमुने तपासले तेव्हा असेंद्रिय आर्सेनिकची सरासरी पॉलिश तांदळात ०.०९२ आणि बिनपॉलिशच्या तांदळात ०.१५४ निघाली. (पहिला आकडा पिठाच्या आकड्याशी जुळतो हा निव्वळ योगायोग.) लोहही बाहेरच्या थरांतच असतं, त्यामुळे पॉलिश केलं की ते बहुतेक निघून जातं. जस्त दाण्यात खोलवर पसरलेलं असतं, त्याची घट कमी. पण त्याच बाहेरच्या थरांत फायटेट नावाचं द्रव्यही असतं, आणि ते लोह-जस्ताला धरून ठेवतं. तुमच्या अहवालातलं ११ लोह हे बाळाच्या रक्तात पोचणारं लोह नव्हे, त्यातलं थोडंच शोषलं जातं. लोहासाठी बिनपॉलिशचा तांदूळ भरवायचा हा हिशेब मला पटत नाही. आठ महिन्यांच्या बाळाला लोह लागतंच, ते कशातून द्यायचं हे डॉक्टरांना विचारा, पण तांदळावर ती भिस्त ठेवू नका.

बाकी आकडे: कॅडमियम ०.०४ ठीक आहे, कोडेक्सची मर्यादा ०.४. सेलेनियम त्या त्या जमिनीप्रमाणे कमीजास्त असतं, ०.०९ मध्ये काळजीचं काही नाही.

चिखलणी

मी भातशेतीतल्या जमिनीवर काम करतो. दाणापारखी ताईंनी दाण्याचं सांगितलं, मी मुळाचं सांगतो, कारण ‘आर्सेनिक नसलेला तांदूळ कुठे मिळेल’ हा पुढचा प्रश्न येणारच.

कोरड्या जमिनीत आर्सेनिक लोहाच्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. खाचरात पाणी साचलं की हवा तुटते, गंज विरघळतो आणि आर्सेनिक आर्सेनाइट होऊन मोकळं होतं. आर्सेनाइटचा रेणू सिलिसिक आम्लासारखा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सिलिकेसारखा दिसतो. भाताला सिलिका भरपूर लागते, ताठ उभं राहायला आणि रोगांना तोंड द्यायला, आणि ती आत घ्यायला मुळांवर एलएसआय१ नावाचं प्रथिन असतं. त्याच दारातून आर्सेनाइट शिरतं. जपानच्या संशोधकांनी हे २००८ मध्ये दाखवून दिलं. गव्हापेक्षा भातात आर्सेनिक जास्त येतं ते असं.

मग पाणी काढून टाकावं? तिथेच खरी अडचण आहे. पाणी असताना कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं. जमीन वाळली की ते सुटतं आणि मँगनीजच्या दारातून, म्हणजे एनआरएएमपी५ या मुळांवरच्या प्रथिनातून, आत येतं. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम पाण्याबरोबर भातात उतरलं आणि इताई-इताई हा हाडांचा आजार झाला, जास्त करून वयस्क बायकांना. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा आजार मानला. म्हणून तिथल्या कॅडमियमच्या जमिनींत पोटरीतून लोंबी बाहेर पडण्याच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी टिकवून ठेवतात. कॅडमियम आटोक्यात येतं, पण आर्सेनिकला मोकळीक मिळते. दोन्ही एकदम कमी करायचं काम चालू आहे. एनआरएएमपी५ बिघडवलेलं वाण जपानमध्ये तयार झालं, त्यात कॅडमियम जवळजवळ उतरतच नाही, म्हणजे शेत वाळवायची मुभा मिळते. मला आशा वाटते ती तिथूनच.

अंगात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम जास्त ओढतं, कारण दोघांची वाट एकच. तेव्हा मुलीच्या लोहाची काळजी घेणं हाही विषापासून बचावच आहे.

मुक्ता_क

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितलंत तसंच्या तसं लिहून दिलं. बारा दिवसांनी अहवाल आला: असेंद्रिय ०.१३, डीएमए ०.१०. बाळासाठी हे चालेल का? आणि शिजवताना काही करता येतं का?

दाणापारखी

मोठ्यांसाठी चालेल. बाळासाठी मी हा तांदूळ थांबवेन. युरोपीय संघाने बाळांच्या अन्नासाठीच्या तांदळाला ०.१० ची मर्यादा घातली आहे, आणि एफडीएने २०२० मध्ये बाळांच्या तांदळाच्या पिठालाही तीच.

हिशेब करून पाहा. साठ किलोच्या माणसाने दिवसाला १५० ग्रॅम हा तांदूळ खाल्ला तर १९.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे साधारण ०.३३. तुमची मुलगी आठ किलोची. तिने २० ग्रॅम खाल्ला तरी २.६ मायक्रोग्रॅम, दर किलोमागे तेवढेच ०.३३. तिचे चार घास तुमच्या ताटभर भाताएवढे मोजावे लागतात.

शिजवण्याने फरक पडतो. एक वाटी तांदळाला सहा ते दहा वाट्या पाणी घालून शिजवून पाणी ओतून दिलं तर असेंद्रिय आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होतं. इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठाने २०२० मध्ये आणखी एक पद्धत मांडली: पाण्याला उकळी आणायची, तांदूळ पाच मिनिटं उकळायचा, ते पाणी टाकायचं, मग ताजं पाणी घालून मंद आचेवर आटवायचं. पॉलिश तांदळातलं ७३ टक्के आणि बिनपॉलिशमधलं ५४ टक्के असेंद्रिय आर्सेनिक त्यांच्या मोजणीत निघालं, आणि जस्त बरंचसं टिकलं. बाळासाठी करायचा तर पॉलिश तांदूळ घ्या आणि असा शिजवा. ओतलेलं पाणी मात्र तिला पाजू नका, जे बाहेर काढलं ते त्यातच आहे. शिजवायचं पाणीही स्वच्छ हवं. बंगालच्या खोऱ्यात विहिरींच्या पाण्यातच आर्सेनिक आहे, तिथे शिजवताना ते भातात वाढतं.

आणि रोज तांदूळच नको. गहू, ओट्स, मका यांत असेंद्रिय आर्सेनिक बरंच कमी असतं, ते आलटून पालटून द्या. गेल्या दोन महिन्यांचं मनाला लावून घेऊ नका. या आकड्यांचा धोका वर्षानुवर्षं रोज खाण्याचा असतो, आणि तुम्ही आठव्याच महिन्यात तपासून मोकळ्या झालात. घरातला राहिलेला तांदूळ फेकू नका, तुम्ही दोघं खा.