खानापूर-बेळगाव सीमाभागात गावोगावची आरोग्यसेवा कशी उभी राहिली?

प्रश्न : कणकुंबीकर
आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी परिसरातील आरोग्यसेवेच्या वाटचालीवर लेख लिहीत आहे. १९५६ पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला. या काळात खेड्यांतील सेवा कशी वाढली आणि लेखात भर कशावर द्यावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : मलप्रभाकाठ
नमस्कार ताई. सुरुवात १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून करावी, कारण प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथे मांडली गेली आणि १९५२ च्या सामूहिक विकास योजनेबरोबर ती देशभर खेड्यांत उतरू लागली. राज्य बदलले तरी हा सांगाडा बदलला नाही. कागदपत्रांची भाषा मात्र बदलली. आजही गरोदर बाईच्या हाती कन्नडमधले तायी कार्ड (गरोदरपणातील तपासण्यांच्या नोंदीचे कार्ड) पडते आणि पुढच्या तपासणीची तारीख नर्सबाई किंवा आशाताई तिला मराठीत समजावून सांगते. हे काम कोणत्याही अहवालात दिसत नाही, म्हणून आपल्या लेखात ते अवश्य यावे.

मापदंडाप्रमाणे सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राखालचे नर्सबाईंचे छोटे केंद्र, असते, तर डोंगराळ भागात तीन हजारांमागे. पण जांबोटी-कणकुंबीच्या रानात तीन हजार लोक म्हणजे कितीतरी विखुरलेल्या वाड्या. भर पावसात लसीचा डबा खांद्याला लावून, आतला बर्फ वितळण्याआधी शेवटची वाडी गाठायची, हे त्या नर्सबाईंचे खरे काम.

उत्तर : हिंडलगेकर
नर्सबाईंच्या कामाविषयीच्या वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याला एक भक्कम पुरावाही आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण. तो रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते, जे घरच्या बाळंतपणात जमत नसे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील (स्थापना १९६३) डॉक्टरांनी परदेशी संशोधकांच्या साथीने आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या तोंडावाटे घेण्याच्या औषधाची चाचणी केली, आणि ते औषध देण्याची जबाबदारी नर्सबाईंनी पेलली. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध आपल्या अत्यावश्यक यादीत घेतले. आपल्या खेड्यांतील बायकांमुळे जगाला मिळालेले हे ज्ञान इथल्याच लोकांना ठाऊक नसावे, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर : सीमावासी
पुढचे टप्पे थोडक्यात द्यावेत : २००५ चे ग्रामीण आरोग्य अभियान व आशा कार्यकर्त्या, आणि नोव्हेंबर २००८ पासून कर्नाटकात १०८ ची रुग्णवाहिका. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, त्याचाही उल्लेख असावा. मात्र ती रुग्णालयातील उपचारांची योजना आहे, तिची गणना गावातल्या सेवेत करू नये. निवृत्त नर्सबाईंना भेटून त्यांच्या आठवणी आधी टिपून घ्याव्यात, कारण कार्यालयांतले कागद पुढच्या वर्षीही मिळतील.