टोनी ला रूसा: बाकावरच्या खेळाडूतून घडलेला थोर मॅनेजर?

शिकागोतला_मराठी:
अमेरिकन बेसबॉलमधल्या ला रूसाचा खेळाडू म्हणून हिशेब बघा. इन्फिल्डर (आतल्या मैदानाचा क्षेत्ररक्षक), १३२ सामने, बॅटिंगची सरासरी फक्त .१९९, होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) एकही नाही. १९६३ मध्ये अठराव्या वर्षी मेजर लीगमध्ये (सर्वोच्च स्तरावर) आला आणि सीझन संपल्यावर मित्रांबरोबर सॉफ्टबॉल खेळताना खांदा दुखावून बसला. पुढची वर्षं बहुतेक मायनर लीगमध्येच (खालच्या स्तरावर) गेली. पण मॅनेजर म्हणून २८८४ विजय! विजयांत त्याच्या पुढे फक्त जुना मॅनेजर कॉनी मॅक. माझं ठाम मत आहे की बाकावर बसावं लागलं म्हणूनच त्याला खेळ कळला. ला रूसा ऑकलंडचा मॅनेजर असताना तिथे आलेला एकर्सली उतरणीला लागलेला स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर (बॉल टाकणारा) होता. ला रूसा आणि पिचिंग कोच डेव्ह डंकन यांनी त्याला शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवायला सुरुवात केली. १९९२ मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू), दोन्ही किताब त्यालाच!

अनघा_बेएरिया:
मला हे पटत नाही. खांदा दुखावलेले, .१९९ च्या आसपासचे कितीतरी होऊन गेले, ते का नाही थोर मॅनेजर झाले? १९८८ ते ९० ऑकलंड सलग तीनदा वर्ल्ड सिरीजला (अंतिम मालिकेला) गेलं, जिंकलं एकदाच. ८८ मध्ये डॉजर्सनी १-४ ने हरवलं, ९० मध्ये रेड्सनी ०-४ ने धुतलं. एवढं भरलेलं ताट समोर असताना! आणि त्या संघातल्या कॅन्सेको, मग्वायर दोघांनी पुढे स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. त्या विजयांचं श्रेय मॅनेजरला द्यायचं, तर या डागाचा वाटाही त्याला घ्यावा लागेल.

सेंटलुईसकर:
अनघाताई, ऑकलंडपाशीच का थांबलात? पुढे त्याच्याच कार्डिनल्सनी २००६ मध्ये अवघ्या ८३ विजयांवर पोस्टसीझन (बाद फेऱ्या) गाठून वर्ल्ड सिरीजचा किताब नेला. २०११ मध्ये ऑगस्टच्या शेवटी वाइल्ड कार्डपासून (गट न जिंकताही पोस्टसीझनला नेणाऱ्या जागेपासून) साडेदहा सामने मागे होते. वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टेक्सासला किताबासाठी दोनदा फक्त एक स्ट्राइक (तीन झाले की बॅटर बाद) हवा होता. तिथून जिंकले. ही माणसं एकत्र कोणी धरून ठेवली?

मिनियापोलिसची_माई:
धरून ठेवली म्हणता? मग मे २०२१ आठवा. ला रूसाचे व्हाइट सॉक्स १५-४ ने पुढे, समोर बॉल टाकायला पिचरसुद्धा नाही, एरवी पिचिंग न करणारा अस्टुडिलो. मर्सिडीसने ३-० काउंटवर (तीन चुकीचे बॉल, स्ट्राइक एकही नाही) होमरन मारला, आणि एवढी आघाडी असताना असं मारणं जुन्या अलिखित शिष्टाचाराविरुद्ध धरतात. ला रूसाने स्वतःच्याच नवख्या पोराला चारचौघांत बोल लावले. दुसऱ्या दिवशी आमच्या ट्विन्सनी त्या पोराच्या पाठीमागून जाणारा बॉल मुद्दाम टाकला, तर ला रूसा म्हणे त्यात काही गैर वाटलं नाही. मी ट्विन्सचीच, तरी मला त्या पोराचं वाईट वाटलं. ज्याला स्वतःला मेजर लीगमध्ये एक होमरन मारता आला नाही, त्याला त्या आनंदाची किंमत सगळ्यात जास्त कळायला हवी होती.

शिकागोतला_मराठी:
माई, मर्सिडीसच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने. तेव्हा मीही चिडलो होतो. पण त्याच वर्षी ९३ सामने जिंकून डिव्हिजनचं (गटाचं) विजेतेपद आणलं, हेही त्याच माणसाने.

अनघा_बेएरिया:
आणि ॲस्ट्रोजपुढे पहिल्याच फेरीत गारद.