मदत हवी आहे: मुलीचा शंट मेंदूकडील टोकाला बंद पडतो, पुढच्या शस्त्रक्रियेआधी काय ठरवून घ्यावे?

नमस्कार. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. तिचा जन्म ३०व्या आठवड्यात झाला, मेंदूतील पोकळ्यांत रक्तस्राव झाला आणि पुढे तेथे पाणी साचत गेल्याने चौथ्या महिन्यात तिला डोक्यापासून पोटापर्यंत जाणारा शंट, म्हणजे मेंदूत साचणारे पाणी पोटात उतरवणारी नळी, बसवावा लागला. शंट आजवर दोनदा निकामी झाला आहे. नुकत्याच झालेल्या एमआरआयमध्ये पोकळ्या पूर्वीपेक्षा किंचित रुंद दिसतात, परंतु तिला सध्या कसलाही त्रास नाही, म्हणून डॉक्टरांनी महिनाभराने पुन्हा पाहू असे सांगितले आहे. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर रात्री दोन वाजता फक्त सही करण्यापुरते आम्ही तेथे असू नये, यासाठी आत्ताच विचारत आहे.

मागच्या वेळचा प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघाला आहे. सलग तीन दिवस ती सकाळी उठल्याउठल्या उलटी करत होती आणि दुपारपर्यंत खेळायला लागत होती, त्यामुळे पोट बिघडले असावे असे आम्ही समजलो. कानामागचा, पाण्याचा प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह दाबल्यावर तो पुन्हा वर येत होता, म्हणूनही आम्ही निर्धास्त राहिलो. ही खूण भरवशाची नसते, हे नंतर कळले. चौथ्या दिवशी ती ताटावर बसल्याबसल्या पेंगू लागली, तेव्हा आम्ही कोल्हापूरहून पुण्याला निघालो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी काढलेली नळी ट्रेमध्ये ठेवून दाखवली. व्हॉल्व्ह स्वच्छ होता, पोटाकडील भागही मोकळा होता. मात्र मेंदूतील टोकाजवळच्या बारीक छिद्रांत गुलाबीसर तंतू शिरून घट्ट बसले होते. मेंदूतील पाणी जेथे तयार होते त्या कोरॉइड प्लेक्ससचेच ते तंतू, असे त्यांनी सांगितले.

माझा व्यवसाय पंपदुरुस्तीचा आहे. विहिरीवरची मोटर पाणी ओढेनाशी झाली की आम्ही आधी पंप खोलत नाही, फूटव्हॉल्व्हची जाळी वर काढून पाहतो. शंटमध्ये मोटर नसते, दाबातील फरकामुळेच पाणी वाहते, हे मला ठाऊक आहे. तरीही पाणी जेथून आत शिरते तेथेच गाळ अडकतो, हे दोन्हीकडे सारखे आहे. नळीच्या प्रवाहाच्या अभ्यासांत असे दिसले आहे, की बहुतेक पाणी अगदी टोकाच्या छिद्रांतून न येता व्हॉल्व्हच्या बाजूच्या पहिल्या काही छिद्रांतून येते. म्हणजे टोक पोकळीत असूनही ती छिद्रे कोरॉइड प्लेक्ससला लागून राहिली, तर नळी बुजणारच.

नातेवाईक मात्र महागड्या परदेशी व्हॉल्व्हचा आग्रह धरतात. त्यांची काळजी मी समजतो, पण मला ते पटत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३४४ मुलांना तीन प्रकारचे व्हॉल्व्ह बसवून पाहिले होते; शंट टिकण्यात त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही आणि वर्षभरात सुमारे ४० टक्के शंट निकामी झाले. युगांडातील २००५ च्या अभ्यासातही आपल्याकडचा स्वस्त छाब्रा शंट आणि महागडा परदेशी शंट वर्षभरात सारखेच ठरले. प्रतिजैविक मुरवलेल्या नळीसाठी मात्र मी पैसे घालीन, कारण आमचा पहिला शंट जंतुसंसर्गाने गेला होता आणि २०१९ च्या ब्रिटन-आयर्लंडमधील चाचणीत अशा नळीमुळे संसर्गाचे प्रमाण ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. तंतू अडकण्यावर तो उपाय नव्हे.

म्हणून माझा मुख्य प्रश्न नळीच्या जागेविषयी आहे. ज्यांच्या मुलांची मेंदूकडील नळी बदलली, त्यांच्याकडे ती कपाळाच्या बाजूने घातली की मागून? घालताना सोनोग्राफी, नेव्हिगेशन (स्कॅनच्या आधारे संगणकावर वाट दाखवणारी यंत्रणा) किंवा दुर्बीण वापरली होती का, आणि नंतरच्या स्कॅनमध्ये छिद्रे मोकळ्या पाण्यात आहेत याची खात्री कोणी करून दिली का? हे डॉक्टरांना त्यांचा अवमान वाटणार नाही अशा रीतीने कसे विचारावे, हेही सांगावे.

दुसरा प्रश्न शंटच नको करण्याचा, म्हणजे दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट देण्याच्या ईटीव्ही शस्त्रक्रियेचा आहे. टोरांटोचे डॉ. अभय कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या गुणपद्धतीनुसार आमच्या मुलीला वयाचे ४०, रक्तस्रावाच्या कारणाचे २० आणि आधी शंट असल्यामुळे शून्य असे ६० गुण मिळतात, म्हणजे सहा महिने यश टिकण्याची शक्यता अंदाजे ६० टक्के. मुदतपूर्व जन्म आणि रक्तस्राव झालेल्या मुलावर शंटनंतर ईटीव्ही झाली असेल, तर जुनी नळी काढली की आतच ठेवली, आणि छिद्र पुन्हा बुजल्याचे कशावरून लक्षात आले, हे जाणून घ्यायचे आहे.

तिला बद्धकोष्ठतेचा त्रास आहे. पोटातील दाब वाढला की पाणी उतरायला अडथळा होतो, म्हणून शौचास नियमित होईल याकडे लक्ष द्यावे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. रोजच्या आहारात कोणी काय बदल केले, तेही कळवावे.

उत्तर देताना मुलाचे वय, पाणी साचण्याचे कारण आणि शंट नेमका कोणत्या टोकाला बंद पडला होता, एवढे अवश्य लिहावे, म्हणजे आमच्या परिस्थितीशी ताडून पाहता येईल. पुढची भेट १८ तारखेला आहे. आधीच्या शस्त्रक्रियांचे अहवाल माझ्यापाशी आहेत, त्यातील जो तपशील लागेल तो कळवीन.